लोनवरचा खेळाडू आज संघात का नाही? करार वाचून संघनिवड समजून घेण्याची पद्धत

इंग्लंडमधला शनिवारचा सामना सुरू होण्याच्या तासभर-सव्वा तास आधी दोन्ही संघांची यादी जाहीर होते, तेव्हा मुंबईत संध्याकाळ झालेली असते आणि अंधेरीपासून डोंबिवलीपर्यंतच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एकच प्रश्न फिरू लागतो: गेल्या आठवड्यात ज्याने गोल केला, त्याला आज बाकावरसुद्धा जागा नाही, हे कसे? दुखापतीची बातमी नसते, निलंबन नसते, सरावातल्या भांडणाची कुणकुणही नसते. मग सारे खापर प्रशिक्षकाच्या माथी फुटते. पुष्कळदा मात्र या प्रश्नाचे उत्तर काही महिन्यांपूर्वी दोन क्लबांनी सही केलेल्या कागदात असते, आणि तो खेळाडू लोनवर आलेला असेल तर हा कागद प्रशिक्षकाच्या मताइतकाच वजनदार असतो. तो कागद पूर्णपणे आपल्या हाती लागत नाही. तरीही त्यातली कोणती कलमे निवडीवर परिणाम करतात आणि ती बाहेरून कशी ओळखता येतात, हे समजून घेतले तर सामन्याकडे पाहण्याची नजर बदलते, फँटसी संघ निवडणाऱ्यांच्या चुका टळतात आणि एखाद्या प्रशिक्षकावर होणारा अन्यायही कमी होतो.

सुरुवात अगदी मुळापासून करावी. लोन म्हणजे उसनवारी. खेळाडूचा मूळ क्लबाशी असलेला करार संपत नाही, तो ठरलेल्या काळापुरता स्थगित राहतो, आणि तेवढ्या काळासाठी खेळाडूची नोंदणी दुसऱ्या क्लबाकडे जाते. सरावाची सोय, रोजचे मार्गदर्शन आणि सामन्यासाठीची निवड या साऱ्या गोष्टी उसना घेणाऱ्या क्लबाच्या हातात येतात. पगार मात्र दोघांत कसाही वाटला जाऊ शकतो. म्हणून लोनची बातमी वाचताना पहिला प्रश्न असा विचारावा की या खेळाडूच्या पगाराचा भार कोण उचलतो आहे आणि हंगाम संपल्यावर तो कोणाचा होणार आहे. ज्या क्लबाने पूर्ण पगार आणि वर शुल्कही भरले आहे, तो क्लब खेळाडूला खेळवण्याची घाई करतो. ज्याला खेळाडू जवळजवळ फुकट मिळाला आहे, त्याला तशी घाई नसते, कारण तो खेळाडू बाकावर बसून राहिला तरी त्याचे फारसे काही बिघडत नाही.

यासाठी क्लबाचे मूळ निवेदन शोधावे आणि त्यातला प्रत्येक शब्द पाहावा. ‘सीझन लोन’ एवढेच लिहिले असेल तर हंगाम संपताच खेळाडू परत जाणार. ‘ऑप्शन टू बाय’ असेल तर विकत घ्यायचे की नाही हे उसना घेणारा क्लब ठरवणार. ‘ऑब्लिगेशन टू बाय’ असेल तर खरेदी बंधनकारक, आणि मग त्या बंधनाला एखादी अट जोडलेली आहे का, हा सर्वात महत्त्वाचा प्रश्न उभा राहतो. निवेदनात आकडे क्वचितच असतात. ते पत्रकारांकडून कळतात. म्हणून क्लबाने स्वतः जाहीर केलेली गोष्ट आणि वृत्तपत्रांनी सूत्रांच्या हवाल्याने दिलेली गोष्ट मनात वेगवेगळ्या ठेवाव्यात, कारण अंदाज बांधताना दोन्हींचे वजन सारखे धरले की गफलत होते.

मूळ क्लबाविरुद्धचा सामना

सर्वात सोपी आणि सर्वाधिक वेळा विसरली जाणारी गोष्ट म्हणजे सामन्यांचे वेळापत्रक. प्रीमियर लीगमध्ये एका क्लबाने दुसऱ्या क्लबाला उसना दिलेला खेळाडू आपल्या मूळ क्लबाविरुद्ध लीगच्या सामन्यात उतरू शकत नाही. हा प्रशिक्षकाचा निर्णय नसून लीगचा नियम आहे. याची पार्श्वभूमी अनेकांना आठवत असेल. फेब्रुवारी २००४ मध्ये न्यूकॅसलकडून पोर्ट्समथकडे लोनवर गेलेल्या लोमाना लुआलुआने न्यूकॅसलविरुद्धच शेवटच्या मिनिटांत बरोबरीचा गोल केला होता, आणि ज्याला आपण उसना दिला त्यानेच आपले गुण हिरावून घ्यावेत, ही गोष्ट तेव्हा बरीच चर्चेत आली होती.

या नियमाचा परिणाम केवळ एका खेळाडूपुरता राहत नाही. शेफील्ड युनायटेडचे उदाहरण जवळून पाहण्यासारखे आहे. २०१९-२० च्या हंगामात त्यांचा पहिल्या पसंतीचा गोलरक्षक डीन हेंडरसन मँचेस्टर युनायटेडकडून लोनवर आलेला होता. २४ नोव्हेंबर २०१९ रोजी मँचेस्टर युनायटेडचा संघ शेफील्डच्या ब्रॅमल लेन मैदानावर आला तेव्हा हेंडरसनला बाहेर बसावे लागले आणि सायमन मूर प्रीमियर लीगमधला आपला पहिला सामना खेळला. शेफील्डने दोन गोलांची आघाडी घेतली, पाहुण्यांनी काही मिनिटांत तीन गोल करून ती पालटवली आणि अखेरच्या क्षणी ओली मॅकबर्नीच्या गोलमुळे सामना ३-३ असा सुटला. त्या तीन गोलांचा दोष मूरला देण्याचे कारण नाही. मुद्दा असा की गोलरक्षक बदलला की बचावफळीची सवय बदलते: मागे पास कधी द्यायचा, कॉर्नरच्या वेळी कोणी कुठे उभे राहायचे, गोलरक्षक पुढे येऊन चेंडू घेणार की नाही, या साऱ्या गोष्टी एका आठवड्यात नव्याने बसवाव्या लागतात. म्हणून ज्या संघाचा गोलरक्षक किंवा मधला बचावपटू लोनवरचा आहे, त्या संघाच्या वेळापत्रकात मूळ क्लबाविरुद्धच्या दोन तारखा हंगामाच्या सुरुवातीलाच खूण करून ठेवाव्यात. पुढच्या फळीतला खेळाडू बाहेर बसला तर संघ निभावून नेतो. मागच्या फळीतला बसला तर बहुधा संपूर्ण मांडणीच हलते.

एक बारकावा येथे लक्षात ठेवावा. खेळाडू लोनवरून कायमचा विकत घेतला गेला की ही बंदी संपते, आणि ती संपलीच पाहिजे. टिम हॉवर्डच्या बाबतीत नेमका येथेच वाद झाला. एव्हर्टनने त्याला मँचेस्टर युनायटेडकडून आधी लोनवर आणि मग फेब्रुवारी २००७ मध्ये कायमचे घेतले. तरीही २८ एप्रिल २००७ च्या सामन्यात, दोन क्लबांमधल्या तोंडी समझोत्यामुळे, तो मँचेस्टर युनायटेडविरुद्ध उतरला नाही. त्याच्या जागी खेळलेल्या इयन टर्नरच्या हातून एका कॉर्नरचा चेंडू सुटला, जॉन ओशेने गोल केला आणि २-० ने पुढे असलेला एव्हर्टन २-४ असा हरला. मँचेस्टर युनायटेड तेव्हा विजेतेपदाच्या शर्यतीत होते, त्यामुळे हे प्रकरण लीगच्या चौकशीपर्यंत गेले, जरी पुढे कारवाई झाली नाही. विकून टाकलेल्या खेळाडूबद्दल असा शब्द मागणे मला आजही अयोग्य वाटते, कारण त्याचा फटका तिसऱ्याच क्लबाला, म्हणजे शर्यतीतल्या प्रतिस्पर्ध्याला बसतो.

हा नियम सगळीकडे सारखा आहे असे समजणे ही दुसरी ठरलेली चूक. स्पेनमध्ये अशी आपोआप लागू होणारी बंदी नाही. तिथे करारात काय लिहिले आहे ते पाहावे लागते. मार्टिन ओडेगार्ड रेआल माद्रिदकडून रेआल सोसिएदादकडे लोनवर असताना फेब्रुवारी २०२० मध्ये कोपा देल रे या स्पेनच्या चषक स्पर्धेच्या उपांत्यपूर्व फेरीत माद्रिदच्याच मैदानावर, बेर्नाबेऊवर, उतरला, त्याने पहिला गोल केला आणि सोसिएदादने ४-३ असा सामना जिंकून माद्रिदला स्पर्धेबाहेर काढले.

युरोपच्या स्पर्धांत चित्र आणखी वेगळे आहे. २०१४ च्या चॅम्पियन्स लीग उपांत्य फेरीत अॅटलेटिको माद्रिदची गाठ चेल्सीशी पडली, आणि अॅटलेटिकोचा गोलरक्षक तिबो कुर्तुआ चेल्सीचाच होता. त्याला खेळवायचे असेल तर अॅटलेटिकोला प्रत्येक सामन्यामागे काही दशलक्ष युरो मोजावे लागतील, असे कलम करारात असल्याच्या बातम्या होत्या. युएफा या युरोपच्या फुटबॉल महासंघाने तेव्हा स्पष्ट केले की एका क्लबाने दुसऱ्या क्लबाच्या संघनिवडीवर प्रभाव टाकणारे असे कोणतेही कलम आपल्या स्पर्धांत ग्राह्य धरले जाणार नाही. कुर्तुआ दोन्ही सामने खेळला, अॅटलेटिको चेल्सीच्या स्टॅमफर्ड ब्रिज मैदानावर ३-१ असे जिंकून अंतिम फेरीत गेले. त्याआधी २००३-०४ मध्ये फेर्नांदो मोरिएंतेसने मोनॅकोकडून खेळताना आपल्याच रेआल माद्रिदविरुद्ध दोन्ही लढतींत गोल करून त्यांना बाहेर काढले होते, आणि १४ ऑगस्ट २०२० रोजी बायर्न म्युनिकने बार्सिलोनाला ८-२ ने हरवले तेव्हा बदली खेळाडू म्हणून आलेल्या फिलिपे कुतिन्योने आपल्या मूळ क्लबावर दोन गोल चढवले. तेव्हा नाव पाहून निष्कर्ष काढण्याआधी स्पर्धा कोणती ते पाहावे: एकाच देशातल्या लीगचा सामना असेल तर त्या लीगचा नियम, चषक स्पर्धा असेल तर तिचा वेगळा नियम, आणि युएफाची स्पर्धा असेल तर खेळाडू मोकळा.

सामने आणि मिनिटे मोजणारी कलमे

आता विषयाच्या गाभ्याकडे येऊ. मूळ क्लबाविरुद्धची बंदी वर्षातून दोनदा जाणवते, पण सामन्यांच्या किंवा मिनिटांच्या संख्येला बांधलेले खरेदीचे बंधन दर आठवड्याला प्रशिक्षकाच्या खांद्यावर बसलेले असते. ठरावीक सामने खेळला तर खेळाडू विकत घ्यावा लागेल, असे करारात असेल आणि क्लबाची इच्छा किंवा ऐपत बदललेली असेल, तर प्रत्येक वेळी त्याला मैदानात उतरवणे म्हणजे मोठ्या बिलाकडे टाकलेले एक पाऊल ठरते.

याचे सर्वात स्पष्ट उदाहरण आंत्वान ग्रीझमनचे. तो बार्सिलोनाकडून २०२१ मध्ये एका हंगामासाठी, आणि लोन आणखी एक हंगाम वाढवण्याच्या मुभेसह, अॅटलेटिको माद्रिदकडे लोनवर परतला. बातम्यांनुसार, उपलब्ध असलेल्या सामन्यांपैकी किमान निम्म्या सामन्यांत तो ४५ मिनिटे किंवा अधिक खेळला, तर सुमारे ४ कोटी युरोंना त्याला विकत घेणे अॅटलेटिकोला भाग होते. २०२२-२३ चा हंगाम सुरू झाला आणि प्रेक्षकांना एक विचित्र शिस्त दिसू लागली. सामना कोणाशीही असो, ग्रीझमन बाकावरून सुरुवात करायचा आणि घड्याळ ६० मिनिटांच्या पुढे सरकले की प्रशिक्षक डिएगो सिमेओने त्याला मैदानात उतरवायचे. हिशेब साधा आहे. साठाव्या मिनिटानंतर आलेला खेळाडू भरपाईच्या वेळेसह धरूनसुद्धा ४५ मिनिटे पुरी करू शकत नाही, त्यामुळे तो सामना मोजणीत येत नाही. ७ सप्टेंबर २०२२ रोजी पोर्तोविरुद्ध तो असाच उशिरा आला आणि भरपाईच्या अकराव्या मिनिटाला त्याने विजयाचा गोल केला. जो खेळाडू अर्ध्या तासात सामने जिंकून देतो त्याला पहिल्या मिनिटापासून का खेळवत नाहीत, याचे मैदानावरचे उत्तर कोणाकडेच नव्हते. ऑक्टोबर २०२२ मध्ये दोन्ही क्लबांनी बऱ्याच कमी रकमेवर कायमचा सौदा केला आणि त्यानंतर ग्रीझमन नेहमीसारखा सुरुवातीपासून खेळू लागला. त्याच्या खेळात त्या एका आठवड्यात काहीही बदलले नव्हते. बदलला होता तो कागद.

या उदाहरणावरून एक पद्धत हाती लागते. एखाद्या लोनवरच्या खेळाडूबद्दल शंका आली की त्याच्या मागच्या सात-आठ सामन्यांतल्या प्रवेशाच्या आणि बाहेर पडण्याच्या वेळा एका कागदावर उतरवून काढाव्यात. डावपेचाने होणारे बदल विस्कळीत असतात: संघ मागे पडला तर बदली खेळाडू लवकर येतो, आघाडी असेल तर उशिरा येतो, कोणाला दुखापत झाली तर विसाव्या मिनिटालाच येतो. कराराने होणारे बदल मात्र सामन्याच्या स्थितीकडे न पाहता ठरावीक रेषेभोवती घोटाळतात. गुणफलक काहीही असला तरी वेळ तीच राहत असेल, त्याच प्रशिक्षकाने आधीच्या हंगामात त्याच खेळाडूला पूर्ण सामने खेळवले असतील, आणि त्याच्या जागेवरचा दुसरा खेळाडू स्पष्टपणे थकलेला किंवा कमी प्रतीचा असेल, या तीन गोष्टी एकत्र आल्या तर करारातल्या कलमाचा संशय घेणे योग्य ठरते. तीनपैकी एकच गोष्ट दिसत असेल तर घाई करू नये. प्रशिक्षकाला खेळाडूची धावण्याची क्षमता किंवा चेंडू गेल्यावरची मेहनत खरोखरच पटलेली नसेल, ही शक्यता नेहमीच शिल्लक असते.

हार्वी एलियटचा अनुभव याच जातीचा, पण खेळाडूच्या दृष्टीने अधिक कडू. सप्टेंबर २०२५ मध्ये तो लिव्हरपूलकडून अॅस्टन व्हिलाकडे लोनवर गेला, आणि १० सामने खेळल्यावर सुमारे साडेतीन कोटी पौंडांची खरेदी बंधनकारक होईल, अशी अट असल्याचे वृत्त होते. काही सामन्यांनंतर व्हिलाचा प्रशिक्षक उनाय एमेरीने त्याला बराच काळ संघाबाहेर ठेवले. येथे फिफाचा आणखी एक नियम आड आला. एका हंगामात खेळाडूची नोंदणी जास्तीत जास्त तीन क्लबांकडे होऊ शकते, पण अधिकृत सामने तो दोनच क्लबांकडून खेळू शकतो. एलियट त्या हंगामात लिव्हरपूलकडूनही खेळलेला होता, त्यामुळे जानेवारीत तिसरा क्लब शोधण्याची वाटही अरुंद झाली. तरुण खेळाडूच्या वयातले एक वर्ष अशा मोजणीत अडकावे, याचे मनापासून वाईट वाटते. क्लबाला पैसे वाचवण्याचा हक्क आहे. पण खेळण्यासाठीच पाठवलेल्या मुलाला न खेळवण्यात दोन्हींपैकी एका क्लबाचा फायदा होत असेल, तर तो करार मुळातच चुकीचा बांधलेला असतो.

सर्वच अटी अशा धारदार नसतात. किलियन एमबाप्पे २०१७ मध्ये मोनॅकोकडून पॅरिस सेंट-जर्मेनकडे लोनवर गेला तेव्हा खरेदीच्या बंधनाला पॅरिसने पहिल्या श्रेणीत टिकून राहण्याची अट होती. ही अट पूर्ण होणार हे सर्वांना ठाऊक होते. लोन हा खर्च पुढच्या आर्थिक वर्षात ढकलण्याचा मार्ग होता. अशा वेळी खेळाडू पहिल्या दिवसापासून आपलाच आहे असे धरून प्रशिक्षक संघ बांधतो, आणि आपणही तसेच धरावे. जेडन सँचो २०२४-२५ मध्ये चेल्सीकडे आला तेव्हा अट संघाच्या स्थानाला जोडलेली होती: चेल्सी चौदावे किंवा वर राहिले तर खरेदी बंधनकारक. ते चौथे आले, तरीही ५० लाख पौंडांचा दंड भरून त्यांनी खेळाडू परत केला. संघाच्या स्थानाला बांधलेली अट आठवड्याच्या निवडीवर थेट परिणाम करत नाही. म्हणून अट कशाला बांधलेली आहे, खेळाडूच्या मिनिटांना की संघाच्या निकालांना, हे वेगळे करणे ही या साऱ्या वाचनातली कळीची पायरी आहे.

उलट दिशेने ओढणारी कलमेही असतात. मूळ क्लबाला आपला तरुण खेळाडू खेळावा असे वाटते, म्हणून तो कमी सामने खेळला तर लोनचे शुल्क किंवा पगारातला वाटा वाढेल, असे करारात लिहिले जाते. मग प्रशिक्षकासमोर स्वतःच्या अकादमीतला मुलगा आणि उसना मुलगा सारख्याच दर्जाचे उभे असतील, तर उसन्याला झुकते माप मिळते. खालच्या श्रेणीतल्या क्लबांच्या समर्थकांची ही तक्रार जुनी आहे आणि ती बहुतांशी खरी आहे. आपला मुलगा बाकावर बसतो आणि दुसऱ्याची मालमत्ता आपल्या मैदानावर घडवली जाते. अर्थात उसन्या खेळाडूमुळे संघ श्रेणीत टिकला तर त्याच अकादमीचा खर्च पुढच्या वर्षी निघतो, हेही विसरता येत नाही.

परत बोलावणे, संख्येच्या मर्यादा आणि एकाच मालकाचे क्लब

जानेवारी जवळ आला की ‘रिकॉल’चे कलम पाहावे. मूळ क्लबाला हंगामाच्या मध्यात खेळाडू परत घेण्याचा अधिकार असेल, तर डिसेंबरमध्ये दोन प्रकारची चलबिचल दिसते. चांगला खेळणारा परत जाईल या भीतीने प्रशिक्षक त्याच्या जागी दुसऱ्याला तयार करू लागतो, आणि न खेळणारा परत बोलावला जातो. ट्रेव्हो चालोबा क्रिस्टल पॅलेसमध्ये नियमित खेळत असताना जानेवारी २०२५ मध्ये चेल्सीने त्याला परत घेतले आणि पॅलेसला मध्य हंगामात बचावफळी नव्याने जुळवावी लागली. याउलट आंद्रेय सांतोसला नॉटिंगहॅम फॉरेस्टमध्ये जवळजवळ संधीच मिळाली नाही, म्हणून चेल्सीने जानेवारी २०२४ मध्ये त्याला तिथून काढले आणि मग फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गला पाठवले, जिथे तो नियमित खेळू लागला. स्ट्रासबुर्ग चेल्सीच्याच मालकांचा क्लब आहे, हे यात महत्त्वाचे. मालक एक असला की खेळाडूला मिनिटे मिळतील याची खात्री करारापेक्षा नात्याने होते. म्हणूनच नोव्हेंबर २०२३ मध्ये एकाच मालकीच्या क्लबांमधली लोन तात्पुरती थांबवण्याचा प्रस्ताव प्रीमियर लीगमध्ये आला होता. १३ क्लब बाजूने आणि ७ विरोधात गेले, पण लागणारी १४ मते न मिळाल्याने तो पडला.

संख्येच्या मर्यादाही कधीकधी निवड ठरवतात. प्रीमियर लीगच्या क्लबाला देशांतर्गत लोनवर एका वेळी दोनच खेळाडू नोंदवता येतात. त्याखालच्या इंग्लिश श्रेणींत लोनवरचे पाचच खेळाडू सामन्याच्या यादीत ठेवता येतात, त्यामुळे सहा जण उसने घेतलेल्या प्रशिक्षकाला दर आठवड्याला एकाला स्टँडमध्ये बसवावेच लागते. फिफाने १ जुलै २०२२ पासून आंतरराष्ट्रीय लोनवर मर्यादा आणली: पहिल्या हंगामात आठ, मग सात, आणि १ जुलै २०२४ पासून सहा खेळाडू बाहेर देता येतात आणि तितकेच आत घेता येतात. एका क्लबाकडून एका क्लबाला तीनपेक्षा अधिक नाहीत, मुदत जास्तीत जास्त एक वर्षाची, आणि उसना घेतलेला पुढे दुसऱ्याला उसना देता येत नाही. एकवीस वर्षांपर्यंतचे आणि क्लबानेच घडवलेले खेळाडू या मोजणीतून वगळलेले आहेत.

आपल्याकडचा अनुभव आणि येथल्या खेळाडूंसाठी

मुंबईच्या प्रेक्षकाला उसनवारीचा परिणाम पाहण्यासाठी युरोपात जाण्याची गरज नाही. इंडियन सुपर लीगचे पहिले तीन हंगाम, २०१४ ते २०१६, जेमतेम दोन-अडीच महिन्यांचे होते आणि आय-लीग ही देशातली दुसरी मोठी लीग स्वतंत्रपणे चालू होती, त्यामुळे एकच खेळाडू वर्षात दोन क्लबांचे रंग अंगावर चढवायचा. सुनील छेत्रीने २०१५ मध्ये मुंबई सिटीकडून नॉर्थईस्टविरुद्ध केलेली हॅटट्रिक नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर पाहिलेले लोक आजही ती आठवतात; इंडियन सुपर लीगमधली भारतीय खेळाडूची ती पहिली हॅटट्रिक होती. २०१६ मध्ये मात्र त्याचा आय-लीगमधला क्लब बेंगळुरू आशियातल्या क्लबांच्या एएफसी कपच्या अंतिम फेरीत पोहोचला, तो सामना ५ नोव्हेंबरला दोहा येथे झाला, आणि तोपर्यंत छेत्री मुंबईला मिळू शकला नाही. अंधेरीच्या मुंबई फुटबॉल अरिनावर त्या हंगामाचा अर्धा भाग संघ त्याच्याशिवाय उभा राहिला, आणि तो आल्यावर जमलेल्या आघाडीत त्याला बसवण्याचा प्रश्न निर्माण झाला. मुंबईने साखळीत पहिले स्थान मिळवले, ही त्या प्रशिक्षकाची मोठी कामगिरी मानावी लागेल. पुढे उलट वाटेनेही खेळाडू गेले. मुंबई सिटीचा रेनियर फर्नांडिस २०२२-२३ मध्ये ओडिशाकडे लोनवर गेला.

कूपरेजवर किंवा उपनगरांतल्या मैदानांवर मुंबईच्या लीगमध्ये खेळणाऱ्या आणि व्यावसायिक क्लबाचा पहिला करार हाती आलेल्या मुलाला, आणि त्याच्या आईवडिलांना, लोनचा प्रस्ताव आला की आनंदाच्या भरात काही गोष्टी विचारायच्या राहून जातात. त्या अशा. तुम्ही ज्या जागेवर खेळता, त्या जागेवर त्या क्लबाकडे सध्या कोण आहेत आणि त्यांपैकी किती जण कायमचे आहेत, हे आधी पाहावे. प्रशिक्षकानेच तुम्हाला मागितले आहे की व्यवस्थापनाने, हे विचारण्यात संकोच बाळगू नये, कारण व्यवस्थापनाने आणलेला खेळाडू प्रशिक्षकाच्या मनात बसेलच असे नाही. खेळवण्याची हमी कोणताही प्रशिक्षक देऊ शकत नाही आणि दिलीच तर तिच्यावर विसंबू नये. पण कमी सामने मिळाले तर मूळ क्लबाला परत बोलावता यावे, हे कलम मागता येते आणि ते लेखी असावे. खरेदीचे बंधन सामन्यांच्या संख्येला जोडलेले असेल, तर तुमचा आणि तुम्हाला उसना घेणाऱ्या क्लबाचा स्वार्थ एका टप्प्यावर परस्परविरोधी होऊ शकतो हे ओळखून, ती संख्या इतकी कमी ठेवण्याचा आग्रह धरावा की पहिल्या दोन-तीन महिन्यांतच तिचा निकाल लागेल, किंवा ती अट संघाच्या स्थानाला जोडून घ्यावी.

पगार कोणत्या क्लबाकडून कोणत्या तारखेला येणार, दुखापत झाली तर उपचारांचा खर्च कोण करणार आणि विमा कोणाच्या नावावर आहे, हे तीन प्रश्न मूळ क्लब आणि नवा क्लब दोघांनाही एकाच वेळी, लेखी विचारावेत. दोघांची उत्तरे जुळत नसतील तर सही पुढे ढकलावी. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या ऑनलाइन नोंदणीत तुमचे नाव कोणत्या क्लबाकडे आणि कोणत्या तारखेपर्यंत दिसते आहे, ते पहिल्या सामन्याआधी स्वतः पाहून घ्यावे. आणि हंगामाच्या सुरुवातीला मूळ क्लबाकडून शेवटच्या पाच मिनिटांसाठी जरी अधिकृत सामन्यात उतरायला सांगितले, तरी त्या पाच मिनिटांनी त्या हंगामातल्या दोन क्लबांपैकी एक जागा भरते का, हे मैदानात पाऊल टाकण्याआधी व्यवस्थापकाला विचारून घ्यावे.